अकरा घरांची कढई

तातेराव विडी मधोमध तोडून अर्धीच ओढत. उरलेली अर्धी कानावर ठेवत. ती ओढायची वेळ येईपर्यंत कुणीतरी मागून नेलेली असे.

सभेला बसताना वहाणा मांडीखाली घेऊन बसत. सगळं सगळ्यांचं असावं म्हणणारा माणूस स्वतःच्या वहाणांवर बसतो, म्हणून लोक हसत. ते म्हणत, "तुमचे समद्यायचे पाय माज्याच मापाचे हायेत. म्हनून."

बैलांना अहोजाहो करत. बायकोला नाही. गोजरबाईंना त्याचा राग होता.

गुळाच्या पुडीला आलेला वर्तमानपत्राचा कागद उलगडून शेवटपर्यंत वाचत. तारीख बघत नसत. वर्षापूर्वी मिटलेला संप आजच पेटलाय म्हणून पारावर सांगत.

हळद शिजली का ते बघायला काडी टोचत. मग तीच काडी दातात धरून दिवसभर हिंडत.

राग आला की त्यांचा आवाज खाली जाई. आणि दुसऱ्या दोघांचं भांडण लागलं की ते उठून बैलांना पाणी दाखवायला जात. बैल नुकतेच पाणी प्यालेले असले तरी.

या शेवटच्या सवयीचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

तातेराव गेले. एवढं लिहून माझा हात थांबतो. चाळिशी नुकती ओलांडलेला, गाडीचं चाक एकट्यानं उचलणारा माणूस हाताला पत्रा लागून गेला. पत्रा एका कढईचा होता. ती कढई त्यांनीच करवली होती आणि गावानं ती तोडली होती.

आमचं गाव वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या पुढं. काळी जमीन, भरवशाच्या विहिरी. ज्याच्याकडे पाणी तो हळद लावतो. हळद लावणं सोपं आहे. खरी गोम पुढे आहे. जमिनीतून काढलेली हळद आठवड्याभरात शिजवावी लागते. राहिली तर तिला कोंब फुटतात, ती सुकते, बाजारात तिला कुत्रं विचारत नाही. आणि शिजवायला माणूस उभा राहील एवढी मोठी लोखंडी कढई लागते. गावात अशी कढई एकच होती. माणिकराव पाटलांची.

पाटलांकडे नंबर लागे. पाच पाट्या हळद शिजली की एक पाटी कढईची. सरपण आपलं, पाणी आपलं, राबणं आपलं. पाटी मात्र कढईची. नंबरही सरळ नसे. ज्याचं पाटलांशी गोड, त्याची हळद आधी. शकुबाई नावाची विधवा बाई होती, तिची दर वर्षी शेवटी. तिच्या हळदीला कोंब आलेले मी लहानपणापासून बघत आलो. ते हळदीचंच काहीतरी असतं असं मला वाटे.

तातेराव नांदेडला गिरणीत होते. तिथे त्यांनी लाल झेंडा पाहिला, एक मोठा संप पाहिला, आणि संपानंतर गिरणीचं बंद दार पाहिलं. एकोणचाळीसच्या सुमाराला ते गावी परतले. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि एक शब्द. गावानं तो शब्द आपल्या तोंडाला येईल तसा केला आणि त्यांना चिकटवला. कम्युनिस तातेराव.

"रशियात काय चाल्लंय ते मला ठाव न्हाई," ते म्हणत. "आपल्या गावात एक कढई चालती का, तेवढं बगू."

नागपूरला आमच्या वसतिगृहात यावर वाद रंगत. साम्यवाद व्यवहारात चालेल, की भांडवलशाहीच माणसाच्या स्वभावाला धरून आहे. दोन्ही बाजूंचे मित्र हुशार होते. दोन्ही बाजूंना पुस्तकं होती. कुणाच्याही घरी हळद नव्हती. मी सुट्टीत गावी येई आणि तातेरावांच्या खळ्यावर बसे. ते मला नावानं हाक मारत नसत. "काय बीए, काय म्हनतंय तुमचं नागपूर?" मी तेव्हा बी.ए. झालेलोही नव्हतो. आमची मैत्री अशी सुरू झाली. ते माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान होते, पण माझ्याशी वाद घालताना त्यांनी वय कधी मध्ये आणलं नाही.

कढई त्रेचाळीस साली झाली. गिरणीतल्या जुन्या बॉयलरचा जाड पत्रा तातेरावांनी नांदेडहून गाडीत घालून आणला. पत्र्याचे भाग जोडायला रिबिटा, म्हणजे लोखंडी खिळे लागतात. त्यासाठी अकरा घरांनी लोखंड दिलं, त्यांत आमचंही एक. मोडके फाळ, गाडीच्या धावा, विळे, बिनकड्यांची कुलपं. लतीफ लोहारानं ते सगळं भट्टीत घालून रिबिटा पाडल्या आणि कढई ठोकली. महिनाभर गावाचे कान बसले होते. लतीफ आणि तातेराव एका वयाचे, लहानपणापासून अरेतुरे करणारे.

"तातेराव, तुजी कढई गळली ना, तर गाव मला दोष देईल," लतीफ म्हणाला.

"आन न्हाई गळली तर?"

"मग तुला हार घालतील. लोहाराला कोन इचारतंय!"

कढई गळली नाही.

पहिल्या हंगामात ज्यानं त्यानं आपापली हळद शिजवली. पाटी द्यायची नव्हती. पाटलांचा नंबर घ्यायचा नव्हता. तेवढ्यावर तातेराव थांबले असते तर कढई आज शाबूत असती, असं गावातले शहाणे म्हणतात. कदाचित खरं असेल. ते थांबले नाहीत. कारण अकरा घरांत पुन्हा तेच सुरू झालं. आधी कुणाची? तुझी का माझी? जी घरं मोठी, त्यांची आधी. शकुबाईची शेवटी.

दुसऱ्या वर्षी तातेरावांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, हळदीची रास एकच करायची. एकत्र शिजवायची, एकाच खळ्यावर वाळवायची, एकत्र विकायची. वाटणी घरातल्या खाणाऱ्या तोंडांवर. लतीफला वाटा. चुलाणाची आग सांभाळणारा तांड्यावरचा वसराम, ज्याच्या नावावर हातभर जमीन नव्हती, त्यालाही वाटा.

लोक हो म्हणाले. हे मी मुद्दाम लिहितो. कुणी बंदूक लावली नव्हती. लोक हो म्हणाले आणि चालू लागले.

ते मी पाहिलेलं आहे. चुलाण पेटलेलं असे. कढईवर हळदीच्या पाल्याचं जाड पांघरूण, त्यावर गोणपाट, कडेनं पिवळा फेस. निखाऱ्यात कुणाची तरी वांगी. ज्याची हळद कोंबावर आलेली, त्याची पाटी पहिली पडे, मग तो कुणी का असेना. एकत्र राशीच्या पहिल्या वर्षी शकुबाईच्या हळदीनं कढई भरली. ती म्हातारी तिथे नुसती उभी होती. तिला काम सांगायचं कुणाला सुचेना.

"बस की मावशे," वसराम म्हणाला.

"बसायची सवं न्हाई रं बाबा. हितं नंबर धरून हुबंच ऱ्हायची सवं."

आणि पाटलांनी, कुणी न सांगता, आपल्या कढईचा दर पाचव्या पाटीवरून आठव्या पाटीवर आणला. आमच्यात नसलेल्या घरांनाही आमच्या कढईचा फायदा झाला. त्याबद्दल कुणी तातेरावांचं नाव घेतलं नाही. पाटील दयाळू झाले असं ठरलं.

चार हंगाम हे चाललं. साम्यवाद व्यवहारात चालतो का, असं मला कुणी विचारलं तर मी एवढं सांगू शकतो. चार हंगाम चालला. मग काय झालं तेही सांगतो.

हळदीत दोन माल असतात. बोटासारखी हळकुंडं, ती भाव खातात. आणि मधला गड्डा, तो स्वस्त जातो. तिसऱ्या हंगामात राशीत गड्डे जास्त दिसू लागले. हळकुंडं कुठे जात होती? घरात. पोत्याखाली, माळ्यावर, कणगीत. रात्रीतून वसमतला. गड्ड्याला शिजायला वेळ जास्त लागतो. रास मिसळलेली, म्हणून उरलेली चांगली हळकुंडंही जास्त शिजून काळवंडत. माल पडला. भाव पडला. वाटा कमी झाला. वाटा कमी झाला म्हणून आणखी दोघांनी हळकुंडं घरात ठेवली.

सगळ्यात पुढे उकंडराव होता. त्याची जमीन अकरा घरांत सगळ्यात चांगली. तो लपवत होता आणि वर तोच बोलत होता.

"पेरलं मी. खत मी घातलं. पानी मी पाजलं. आन वसरामाच्या घरी बाळंतपन झालं म्हनून माजी पाटी त्याच्याकडं? हे काहून?"

वसराम आगीपाशी होता. त्यानं मान वर केली नाही. "तुमी बी बसा की बाळंतपनाला, उकंडराव. मी पानी तापवतो."

लोक हसले. उकंडरावही हसला. पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. आता कुणीतरी बोलायला हवं होतं. ज्याचं बोलणं लोक ऐकत असा एकच माणूस तिथे होता. तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

मी मागे गेलो. मी चिडलो होतो.

"तुम्हाला माहीत आहे कोण काय लपवतं."

"ठाव हाय."

"मग बोला. पाट्या मोजा. गड्डे किती, हळकुंडं किती, ज्याचं त्याला दाखवा."

त्यांचा आवाज खाली गेला. "बीए, मोजायचं म्हनलं का मोजनारा आला. मोजनाऱ्याला बसाया खुर्ची आली. खुर्ची आली का मानिकराव आला. तोंड दुसरं, एवढंच."

"आणि न मोजता माणिकराव येणार नाहीत?"

बैल पाणी पीत नव्हते. तातेराव तरी शीळ घालत राहिले.

ते स्वतः सगळ्यात चांगली हळकुंडं राशीत टाकत. गोजरबाई रडत, भांडत. "तुमचं बगून कुनाला लाज वाटंल, असं वाटतंय तुमाला? हसून ऱ्हायलेत लोक!" तातेरावांची तीच कल्पना होती. आपण चांगलं टाकत राहिलं की एक दिवस दुसरा टाकेल. कुणी टाकलं नाही. मला त्यांचा राग येतो तो इथे. चोराला चोर म्हणायला धीर लागतो. तो त्यांच्याकडे गिरणीच्या मालकासाठी होता, शेजाऱ्यासाठी नव्हता.

कढईचीही तीच गत. हंगाम संपला की कढई घासून, तेल लावून पालथी घालावी लागते, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो. अकरा घरांतल्या प्रत्येकाला वाटे, दुसरा लावेल. तेल दर वर्षी एकट्या तातेरावांनी लावलं. माणिकराव पाटील एकदा रस्त्यानं जाताना थांबले. ते ओरडणारे पाटील नव्हते. हसून बोलणारे होते.

"तातेराव, माजी कढई एकाची हाय, म्हनून तिला तेल लागतंय. तुमची समद्यायची, म्हनून तुमी एकटे लावून राहिले. हिशोब उलटा न्हाई का?"

तातेराव म्हणाले, "बराबर हाय पाटील. पन तुमच्या कढईला तेल लावतो तो तुमचा गडी. तुमी न्हाई."

पाटील मोठ्यानं हसले. त्यांना ते आवडलं. गाव मात्र पहिलंच वाक्य घेऊन गेलं. दुसरं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तरी कढई चालू होती. कमी माल, काळी हळद, कुरबूर, पण चालू. शकुबाईची पाटी वेळेवर पडत होती. माझ्या मते एवढ्यावरही ती चालवण्यासारखी होती. मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं.

मी शिक्षण संपवून आदल्या वर्षीच गावी आलो होतो. देशाला स्वातंत्र्य मिळालं होतं, आम्हाला नाही. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरत. जवळचं एक गाव जळालं. लोक बैलगाड्या भरून पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात निघाले. हळद शिजवून झाली होती, वाळायची होती. उकंडराव चुलाणापाशी आला. मागे आणखी पाच-सहा घरं.

"आमी चाल्लो. आमचा वाटा द्या."

"हळद वाळू द्या की. वाळली का..."

"हळदीचा न्हाई. कढईचा."

कुणाला काही समजेना. मग समजलं.

तातेराव त्या दिवशी बैलांकडे गेले नाहीत. म्हणाले, "कढई गाडून ठेवू. खळ्याखाली. समदे परत आले का काढू."

"आन जो मागं ऱ्हाईल त्यानं एकट्यानं उकरली तर?"

मागे राहणार होते तातेराव. हे सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षं तेल लावणाऱ्या माणसाला हे विचारलं गेलं. माझे वडील तिथे होते. ते जमिनीकडे बघत होते.

कुणीतरी म्हणालं, पाटलांच्या वाड्यात ठेवा. "मग ती त्यांचीच," दुसरा म्हणाला. त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. एकमेकांवर विश्वास नाही, पाटलांवर तर नाहीच. मग न्याय काय? न्याय एकच उरला. कढई तोडायची. अकरा घरं, अकरा तुकडे.

मी हे नंतर पुष्कळ जणांना सांगितलं. ते हसतात. तिथे कुणी हसलं नाही. अतिशय गंभीरपणे, अतिशय बरोबर वाटणी झाली. कढईचा तळ जाड आणि काठ पातळ असतो. म्हणून प्रत्येकाला थोडा तळ, थोडा काठ मिळेल अशा भाकरीच्या चतकोरासारख्या रेघा ओढल्या. सुतळी धरून, राखेनं. हळदीच्या पाट्या ज्यांनी कधी मोजल्या नाहीत त्या लोकांनी लोखंड बोटानं मापलं.

छिन्नी लतीफच्या हातात दिली. ज्यानं ठोकली त्यानंच तोडावी, त्याला जोड ठाऊक आहेत. लतीफनं ती घेतली. दिवसभर घाव घालत राहिला. संध्याकाळी अकरा तुकडे भिंतीला टेकवून उभे केले. तेव्हा त्यानं विचारलं.

"माजा कुठं हाय?"

उकंडराव म्हणाला, "लोखंड ज्यायनं दिलं त्यायचा वाटा, लतीफभाई. तुजं लोखंड कुठं होतं?"

"ह्या कढईत जेवढ्या रिबिटा हायेत, तेवढे घाव माजे हायेत."

"त्याची हळद खाल्ली ना चार वर्षं."

वसरामनं विचारलंसुद्धा नाही. तो पलीकडे उभा राहून चुलाणातली राख उपसत होता. तातेरावांनी आपला तुकडा उचलला आणि त्याच्यापुढे ठेवला.

वसराम तुकड्याकडे बघत राहिला. "ह्याचं मी काय करू, दादा?"

भाकरी भाजायला मोठा, शेताला निरुपयोगी, विकायला जड. तो लोखंडाचा तुकडा हीच आमची न्यायबुद्धी होती. चार वर्षं तोंडं मोजून वाटा दिला, आणि शेवटी, घाबरल्याबरोबर, पहिला नियम परत आला. ज्यानं भांडवल घातलं त्याचंच. हा नियम शिकवायला पाटलांना यावं लागलं नाही.

लोक गाड्यांत लोखंड घालून वऱ्हाडात गेले. आम्हीही गेलो. आमच्याही गाडीत एक तुकडा होता. माझी आई त्याच्यावर पाय ठेवून बसली होती.

सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं. आम्ही दसऱ्याच्या पुढेमागे परत आलो. गाव तेच होतं, भ्यायची पाळी बदलली होती. आता मुसलमान घरं दारं लावून बसली होती. बाहेरगावचे लोक येत, कुणाचं घर कोणतं ते विचारत. त्या दिवसांत तातेराव लतीफच्या ओट्यावर घोंगडी टाकून असत. विडीचं अर्धुक, काडी दातात. कुणी विचारलं की म्हणत, "माज्या फाळाला धार लावून घेऊन राहिलो." फाळ जवळ नसे.

आणि मग त्यांनी ते काम काढलं. मिरगाच्या आधी लोकांनी चोरून येऊन जेवढी लावली होती, तेवढी हळद पौष-माघात निघेल. त्याआधी कढई परत जोडायची. लतीफ आधी नाही म्हणाला.

"ज्यायनं माजा वाटा धरला न्हाई, त्यायच्यासाटी मी घन उचलू?"

"त्यायच्यासाटी न्हाई. शकुबाईसाटी."

"ती बी तुकडा घिऊन गेलीच की."

"तिनं आनून दिला. पयला. डोक्यावर घिऊन आली."

"ह्या वक्ती मोजून घीन," लतीफ म्हणाला. "ऐकतो का तातेराव? पाटी न् पाटी मोजायची. चोरी केली का रास बंद. न्हाई तर तुजी कढई तू ठोक."

तातेरावांनी माझ्याकडे पाहिलं. "बीए, तुमीच मोजा मग." मी हो म्हणालो. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा ही गोष्ट खरोखर चालण्यासारखी झाली होती.

तातेराव आणि मी दारोदार हिंडलो. गोजरबाई दारातून ओरडल्या, "लोक जोंधळे मागतात, हे लोखंड मागून राहिले!" एका घरी तुकडा पेवाच्या तोंडावर होता. एका घरी कोंबड्यांच्या खुराड्याला. माझ्या आईनं न मागता दिला. वसरामनं आपला धुऊन आणला. उकंडरावनं पुसदला विकून टाकला होता. "तुमच्यापाशी इमान हाय, माज्यापाशी लेकरं होती," तो म्हणाला. खरं असेल. त्यानं बदल्यात काही दिलं नाही.

सात तुकडे मिळाले. लतीफ म्हणाला, सातांची कढई होईल. तोंड लहान, पोट खोल, पण होईल.

सातवा तुकडा एका घराच्या उकिरड्यात होता. शेणाखाली गेलेला. तातेरावांनी तो हातानं ओढून काढला. छिन्नीनं तोडलेली कड तशीच धारदार होती. तळवा फाटला.

मी म्हणालो, वसमतला जाऊ, डॉक्टरला दाखवू. ते हसले.

"हळदीच्या गावात जखमेला डाक्तर? लोकं काय म्हनतील?"

त्यांनी मूठभर हळद दाबून भरली आणि वरून चिंधी बांधली. आमच्याकडे सगळे तेच करतात. मीही तेच केलं असतं. लहानपणापासून गुडघा फुटला की हळद, विळा लागला की हळद. शेणातल्या जखमेला ती पुरत नाही, हे त्या गावात कुणाला माहीत नव्हतं. जे पिकवतो त्यावर आमचा एवढा विश्वास आहे. जो शेजारी ते पिकवतो, त्याच्यावर नाही.

आठवड्यानं त्यांना भाकरी चावता येईना. दात दुखतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी जबडा उघडेना. पाठ कमानीसारखी वळू लागली. दाराचा आवाज झाला तरी अंग ताठ होई. आम्ही वसमतला न्यायला गाडी जोडली. वसराम गाडी हाकत होता, लतीफनं त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं, गाडी खड्ड्यातून गेली की तो त्या खड्ड्याला शिव्या देत होता. वसमतच्या अलीकडेच संपलं. ते शुद्धीवर होते. बोलता येत नव्हतं एवढंच.

माणिकराव पाटील मातीला आले. मला म्हणाले, "भला मानूस. पन मानसाचा सभाव कळला न्हाई त्याला."

मी काही बोललो नाही. आता बोलतो. माणसाचा स्वभाव म्हणजे काय, पाटील? या महिन्यात तुम्ही सांगितलंत की यंदा चौथी पाटी कढईची. आठवी नाही, पाचवीही नाही, चौथी. उकंडराव तुमच्या ओट्यावर नंबर लावून आला. कुणी विचारलं नाही, हे काहून? वसरामच्या लेकराच्या मूठभर हळदीचा हिशोब ठेवणाऱ्या गावानं तुमच्या पाटीकडे मान वर करून पाहिलं नाही. तुमच्या कढईत कुणी गड्डे जास्त घालत नाही. तिथे सगळे इमानदार. शेजाऱ्याला थोडं जास्त गेलेलं सहन होत नाही, वरच्याला कितीही गेलेलं सहन होतं. हा स्वभाव असेल तर तो कुणी घडवला, एवढंच मला विचारायचं आहे. जन्मतः कुणी असा नंबर लावून उभा राहत नाही. शकुबाई म्हणाली होती, सवय.

शकुबाईही नंबर लावून आली. तिचा शेवटचा आहे.

लतीफच्या भट्टीमागे कढई उभी आहे. पाच तुकडे जोडलेले. सहाव्याला भोकं पाडायचं काम तातेरावांनी स्वतःकडे घेतलं होतं, लतीफचा वेळ वाचावा म्हणून. हाताला चिंधी बांधलेली असतानाही ते पाडत होते. तीन भोकं झाली आहेत. चौथ्यावर टोचाचा खळगा पडला आहे, पत्रा अजून फुटलेला नाही.